दोरा मारून आखलेली गाडी

मी बोर्ड रंगवणारा पेंटर. दारव्हा-दिग्रस रस्त्यावर दुकान. ट्रॉलीवर नावं, टँकरवर ग्रामपंचायत, पोळ्याला बैलांची शिंगं, सगळं रंगवून झालं. म्हणून गाडी पाहताना मी ॲव्हरेज मागाहून विचारतो, आधी पत्र्यावर उजेड कसा पडतो ते पाहतो. तीन वर्षांपूर्वी 2012 ची पांढरी बोलेरो जुनी घेतली, ती अशीच पाहून.

आजकालच्या गाड्यांचं दार पाहा. रेघ पुढच्या चाकापासून निघते, मधेच वर चढते आणि मागच्या दिव्यात बुडते. अशा दारावर नाव लिहायला घेतलं तर शिरोरेषा कुठं धरावी तेच उमजत नाही. बोलेरोचं दार जवळजवळ सपाट. निळीत बुडवलेला दोरा ताणून टण्णकन सोडला की उमटते, तशी खिडकीखालची कड सरळ मागं जाते. बोनेट आडवं, काच उभट, चाकांवर मात्र मडगार्ड गालासारखे फुगलेले. तेवढाच काय तो लाड.

हा चेहरा जीपच्या घरातला. महिंद्रानं 1947 मध्ये विलीज जीप जोडायला घेतल्या, पुढं आर्मडा आली, 2000 साली बोलेरो. जाळीतल्या उभ्या पट्ट्या अजून तेच नातं सांगतात. 2016 ची पॉवर प्लस 3995 मिलिमीटरची केली, कारण चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी. माझी 4107 ची. फरक सहा बोटांचा, पण नाकाला सहा बोटं म्हणजे थोडी झाली का?

सगळ्यात देखणी ती मागून. आडव्या-उभ्या रेघांच्या गाडीत मागच्या दारावरची स्टेपनी हा एकच मोठा गोल, कपाळावरच्या कुंकवासारखा. माझं कव्हर फाटलं होतं. नवं आणून त्यावर ब्रशनं देवनागरीत ‘बोलेरो’ लिहिलं. तिन्ही अक्षरांवर मात्रा! गोलाईवर लिहिताना त्या बाहेर कलल्या, अगदी शिंगांसारख्या. दोन दिवस गेले त्यात. रेडियमवाल्यानं दहा मिनिटांत कापून दिलं असतं, पण मग मी कशाला पेंटर?

बाजूच्या लाटांची स्टिकरं मला पटली नाहीत, गरम हवा मारून काढली. एका गॅरेजवाल्यानं मडगार्डला रंग मारला तो पिवळसर निघाला. ‘पांढरा म्हणजे पांढरा’ म्हणाला. त्याच्याशी काय बोलणार! घरी आणून पुन्हा मीच मारला.

आत साधंच. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लागतो.

पण बसल्या जागेवरून बोनेटची दोन्ही टोकं दिसतात, आणि या आकाराची खरी किंमत मला आमच्या पांदणीत कळली. कापूस भरलेली बैलबंडी समोरून आली. एका बाजूला बाभळीचा काटा, दुसरीकडं नाली. टोकाकडं नजर ठेवून इंचाइंचानं गाडी काट्याला नेऊन टेकवली, बंडी निघून गेली. काका धुरेवरूनच ओरडले, “काय बे पेंटर, गाडी हाय का पेटी?”

“पेटीच हाय काका. कोपरे दिसते, म्हणून त तुमची बंडी नालीत गेली नाही.”