युनिडेन आर-७ रडार डिटेक्टर: जोडणी, सेटिंग आणि न्यू जर्सी ते पिट्सबर्गच्या रस्त्यावरचा अनुभव

रडार डिटेक्टर घ्यायचा विचार करणारी बहुतेक मंडळी पहिला प्रश्न पल्ल्याचा विचारतात. पोलिसांचे वेग मोजणारे रडार हा किती लांबून पकडतो? प्रश्न रास्त आहे, पण आज अमेरिकेत चारशे डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या कोणत्याही चांगल्या डिटेक्टरचा पल्ला मोकळ्या हमरस्त्यावर पुरेसा असतो. माझ्या मते त्याआधी विचारायला हवे ते हे, की दिवसभरात तो विनाकारण किती वेळा वाजतो आणि ते वाजणे आपल्याला कितपत आवरता येते. ऊठसूट वाजणाऱ्या डिटेक्टरकडे दुर्लक्ष करायला चालक फार लवकर शिकतो, आणि मग खरा इशाराही कानाआड जातो. युनिडेन आर-७ या कसोटीला उतरतो, मात्र खोक्यातून काढून काचेला चिकटवला एवढ्यावर नव्हे. एखादी संध्याकाळ सेटिंगला आणि त्यानंतरचे काही दिवस नेहमीचे रस्ते त्याला शिकवण्यात घालवले, तर.

आधी थोडे कार्यतत्त्व सांगितले पाहिजे, कारण पुढची प्रत्येक सेटिंग त्यावरच अवलंबून आहे. पोलिसांचे रडार सूक्ष्मलहरी सोडते, त्या गाडीवर आपटून परततात, आणि परतलेल्या लहरीच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून गाडीचा वेग काढला जातो. रडारला जाऊन-येऊन दोन्ही वेळचे अंतर सोसावे लागते, डिटेक्टरला मात्र फक्त येणारी लहर ऐकायची असते. अंधाऱ्या माळावर बॅटरी घेऊन उभा असलेला माणूस आपल्याला दुरून दिसतो, त्याला आपण दिसायला बरेच जवळ जावे लागते, तसेच हे आहे. अमेरिकेत पोलिसांच्या रडारला तीन बँड, म्हणजे वारंवारतेचे पट्टे, दिलेले आहेत. एक्स बँड १०.५२५ गिगाहर्ट्झच्या आसपास, के बँड २४.१५० च्या आसपास, आणि के-ए बँड ३३.४ ते ३६ च्या दरम्यान. पण के-एमधली बहुतेक रडार प्रत्यक्षात ३३.८, ३४.७ आणि ३५.५ या तीनच ठिकाणी चालतात. आर-७ नुसते बँडचे नाव न सांगता वारंवारतेचा आकडा पडद्यावर दाखवतो, आणि काही दिवसांत हा आकडा वाचायची सवय लागली की इशारा खरा की खोटा याचा अंदाज आवाजाआधीच येऊ लागतो.

या यंत्राचे वैशिष्ट्य म्हणजे त्यातले दोन अँटेना, एक पुढचा आणि एक मागचा, आणि त्यांच्या जोरावर दिसणारे दिशादर्शक बाण. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक या टोल हमरस्त्यावर पिट्सबर्गच्या वेंकटेश्वर मंदिराकडे जाताना याचा उपयोग मला सर्वात स्पष्ट कळला. वळणावळणाच्या डोंगराळ भागात ३५.५ चा संकेत मिळाला तेव्हा समोर काहीच दिसत नव्हते. पुढचा बाण पेटलेला आणि शेजारी तीव्रतेची एकच पट्टी. चढ ओलांडताच पट्ट्या भराभर वाढल्या, आवाजाची लय जलद झाली, आणि उतारावर दुभाजकातल्या वळणजागेत दिवे बंद करून उभी असलेली राज्य पोलिसांची गाडी दिसली. तिच्या बाजूने जाताना पुढचा बाण विझून बाजूचा पेटला आणि क्षणभरात मागचा. एका अँटेनाच्या डिटेक्टरवर हाच संकेत पुढे गेल्यावरही वाजत राहतो, आणि पुढे आणखी कोणी उभे आहे की मागचेच ऐकू येते आहे, हे समजायला मार्ग नसतो. आर-७ वर दुसरा संकेत आला तर तोही वेगळा दिसतो. लांबच्या प्रवासात मनावरचा ताण या बाणांमुळे किती हलका होतो, हे आकड्यांच्या तक्त्यांतून कळत नाही.

जोडणीकडे वळू. डिटेक्टर समोरच्या काचेवर आरशाच्या मागे, चालकाच्या नजरेच्या आड न येता, जमिनीशी समांतर बसवावा. नाक वर किंवा खाली झुकलेले असले तर पल्ला कमी होतो आणि मागच्या अँटेनाला काचेऐवजी छप्पर दिसू लागते. काचेच्या वरच्या कडेला ठिपक्यांची काळी पट्टी असते, तिच्यावर सक्शन कप धरत नाही. काच आणि कप दोन्ही स्वच्छ पुसून, पट्टीच्या खाली मोकळ्या काचेवरच तो दाबावा. काही गाड्यांच्या काचेत उष्णता अडवण्यासाठी किंवा बर्फ वितळवण्यासाठी धातूचा पातळ थर असतो. तसा थर असेल तर लहरीच अडतात आणि कितीही महागाचा डिटेक्टर बहिरा होतो, म्हणून विकत घेण्याआधी गाडीची माहितीपुस्तिका पाहणे हिताचे. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटा या राज्यांत काचेला अशी वस्तू लावण्यावर निर्बंध आहेत, तिथल्या वाचकांनी तो डॅशबोर्डवर ठेवावा.

विजेची जोडणी सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून सहज होते, पण त्यासाठी आरशापासून गिअरपर्यंत वायर लोंबत राहते. ती मला पहिल्या दिवसापासून खटकली. फ्यूज बॉक्समधल्या, किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या एखाद्या सर्किटवर फ्यूज टॅप लावून वायर दाराच्या खांबाच्या आच्छादनातून आणि छपराच्या अस्तरामागून वर नेता येते. मात्र खांबात एअरबॅग असते, तेव्हा वायर तिच्या मागून गेली पाहिजे, पुढून कधीही नाही. एअरबॅग उघडताना पुढून गेलेली वायर तिच्या आड येऊ शकते. हाताला सवय नसेल तर गाडीचे ऑडिओ बसवणाऱ्या दुकानात हे काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे, आणि त्याचे पैसे देण्यात मुळीच कमीपणा नाही.

आता सेटिंग. या यंत्राची खरी परीक्षा इथेच होते. खोट्या इशाऱ्यांचे दोन मोठे उगम आहेत: सुपरमार्केटची आपोआप उघडणारी दारे आणि शेजारून जाणाऱ्या गाड्यांचे, चालकाला न दिसणाऱ्या बाजूंवर लक्ष ठेवणारे ब्लाइंड स्पॉट सेन्सर. दोन्ही बहुतांशी के बँडमध्ये बोलतात. न्यू जर्सीच्या एडिसन-आयसेलिन भागातल्या ओक ट्री रोडवरून संध्याकाळी गाडी चालवून पाहावी. कोणतीही सेटिंग न केलेला डिटेक्टर तिथे एक मिनिटही गप्प बसत नाही.

दारांचा उपाय यंत्रातल्याच जीपीएसमध्ये आहे. एखाद्या दुकानापाशी संकेत वाजला की ती जागा आणि ती वारंवारता म्यूट मेमरीत नोंदवायची, म्हणजे पुढच्या खेपेस त्याच जागी त्याच वारंवारतेला तो गप्प राहतो, पण तिथेच वेगळ्या वारंवारतेचे रडार आले तर मात्र वाजतो. ही नोंद आर-७ वर आपल्यालाच हाताने करावी लागते. एस्कॉर्ट या दुसऱ्या कंपनीचे वरच्या श्रेणीतले डिटेक्टर तीच जागा पुन्हा पुन्हा ऐकून स्वतःहून शिकतात, आणि त्या बाबतीत ते निर्विवादपणे पुढे आहेत. तरीही मला हाताने नोंदवणे अधिक विश्वासाचे वाटते, कारण एखादा पोलीस रोज एकाच कोपऱ्यावर उभा राहत असेल तर यंत्राने त्यालाही दुकानाचे दार समजावे, असे मला नको आहे.

चालत्या गाड्यांच्या सेन्सरला जीपीएस काही करू शकत नाही. त्यासाठी के फिल्टर आणि वाहतूक मोजणाऱ्या उपकरणांसाठीचा टीएसएफ हे दोन्ही चालू ठेवावेत. संपूर्ण शांतता यातून मिळत नाही; काही गाड्या दोन लेन पलीकडूनही इशारा उमटवतात. पण पट्टी अचानक पूर्ण भरते, बाण पुढून बाजूला आणि मागे इकडेतिकडे नाचतो, आणि ती गाडी मागे पडताच सारे थांबते, ही त्यांची खूण एकदा ओळखली की त्रास पुष्कळ कमी होतो. नव्या गाड्यांचे सेन्सर हळूहळू ७७ गिगाहर्ट्झच्या बँडकडे सरकत आहेत, जो डिटेक्टरच्या कक्षेबाहेर आहे, त्यामुळे ही तक्रार पुढे कमी होत जाईल.

के-ए बँडचे सलग स्कॅनिंग बंद करून फक्त ३३.८, ३४.७ आणि ३५.५ ज्यांत येतात ते तुकडे चालू ठेवावेत. शोधायची जागा लहान झाल्यामुळे यंत्र प्रत्येक तुकड्यावर अधिक वेळा परत येते आणि इतर डिटेक्टरांतून बाहेर पडणाऱ्या लहरींच्या गळतीमुळे होणारे खोटे इशारेही घटतात. पॉप नावाचा अतिलघु स्पंदांचा शोध बंदच ठेवावा. एक्स बँड बंद करा असा सल्ला बहुतेक राज्यांसाठी दिला जातो आणि तो योग्य आहे. पण एक्स बँडची जुनी रडार सर्वात उशिरापर्यंत वापरात राहिलेली राज्ये म्हणून ओहायो आणि न्यू जर्सी ओळखली जातात, म्हणून आमच्या भागात मी तो चालू ठेवला आहे आणि त्रास देणारी जुनी दारे एकेक करून मेमरीत टाकली आहेत. शेवटची आणि रोजच्या सुखाची सेटिंग म्हणजे क्वाएट राइड. ठरवलेल्या वेगाखाली आवाज पूर्ण बंद राहतो, पडद्यावर संकेत तेवढा दिसतो. बाजारातून, पार्किंगमधून, शाळेपाशी हळू जाताना घरच्यांनाही गाडीत असे यंत्र आहे हे जाणवत नाही.

या साऱ्यानंतरही जे याच्या आवाक्याबाहेर आहे ते आवाक्याबाहेरच राहते, आणि विक्रेते ते ठळकपणे सांगत नाहीत. लेझर गनचा झोत हजार फुटांवर जेमतेम तीन फूट रुंद असतो; तो नंबर प्लेटवर रोखलेला असतो आणि वेग क्षणार्धात मोजून होतो. डिटेक्टर लेझर म्हणून वाजला, तर बहुधा ती मोजणी झाल्याचीच बातमी असते. रडार बंद ठेवून गाडी जवळ आल्यावरच बटण दाबणाऱ्या पोलिसाबाबतही, पुढच्या एखाद्या गाडीवर त्याने ते वापरले असेल तरच आपल्याला आधी कळते. पेनसिल्व्हेनियात तर आणखी एक गोष्ट आहे. तिथे अनेक दशके रडार वापरण्याचा अधिकार फक्त राज्य पोलिसांना राहिला आहे. गावोगावचे स्थानिक पोलीस रस्त्यावर आखलेल्या दोन पांढऱ्या रेषांमधले अंतर गाडीने किती वेळात कापले, यावरून वेग काढतात. त्यात लहर नाही, म्हणून डिटेक्टर गप्प. टर्नपाइक सोडून एखाद्या लहान गावात शिरलो, मर्यादा ७० वरून ३५ मैलांवर आली आणि यंत्र शांत आहे म्हणून वेग कमी केला नाही, तर दोष यंत्राचा नाही. मला हा डिटेक्टर मर्यादेच्या वर मनसोक्त धावण्यासाठी नको आहे, आणि त्यासाठी तो घेऊ पाहणाऱ्यांना माझी शिफारसही नाही. उतारावर नकळत वाढलेल्या वेगाकडे तो लक्ष वेधतो, यातच मला त्याचे मोल वाटते.

कायद्याची बाजू दक्षिणेकडे निघण्याआधी नीट समजून घ्यावी. खासगी गाडीत डिटेक्टर न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडमध्ये चालतो, पण व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये त्याला बंदी आहे. १०,००० पौंडांहून जड व्यावसायिक वाहनांत तो संपूर्ण देशात निषिद्ध आहे, आणि लष्करी तळांवरही. व्हर्जिनियाच्या पोलिसांकडे डिटेक्टर शोधणारी यंत्रे असतात. डिटेक्टरच्या आतल्या ऑसिलेटरमधून जी किंचित गळती होते, तीच ती ऐकतात, त्यामुळे तो काचेवरून काढून मांडीवर ठेवण्याने काही साधत नाही. सीमा ओलांडण्याआधी वायर काढून, यंत्र पिशवीत घालून डिकीत ठेवावे. डीसीपर्यंत जायचे असेल तर घरीच ठेवलेले उत्तम. नायगारा ओलांडून टोरंटोच्या नातेवाइकांकडे जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. कॅनडात तो फक्त ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा आणि सस्कॅचवान या प्रांतांत चालतो. ओंटारियोत नुसता जवळ बाळगणेही गुन्हा आहे.

पुण्याहून भाऊ किंवा मेहुणा येतो तेव्हा एक परत नेण्याची इच्छा हमखास व्यक्त करतो, म्हणून तेही सांगतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरच्या नव्या यंत्रणेत दोन कॅमेऱ्यांमधले अंतर गाडीने किती वेळात पार केले, यावरून सरासरी वेग काढण्याचीही सोय आहे. नंबर प्लेट वाचणारा कॅमेरा रडारची लहर सोडत नाही, तेव्हा अशा मोजणीत हा डिटेक्टर काहीच ऐकणार नाही.

आर-७ मधल्या उणिवा सरळ आहेत. ब्लूटूथ नाही, त्यामुळे पुढच्या चालकांनी कळवलेल्या सूचना फोनवरून त्याच्या पडद्यावर येत नाहीत. अद्ययावत करण्यासाठी तो काढून संगणकाला जोडावा लागतो. अंगाने युनिडेनच्याच आर-३ पेक्षा मोठा आहे. व्हॅलेंटाइन वन या प्रतिस्पर्धी डिटेक्टरच्या दुसऱ्या पिढीत बाणही आहेत आणि ब्लूटूथही, पण जीपीएस नाही. दारे गप्प करण्यासाठी फोनवरचे ॲप सतत चालू ठेवावे लागते, आणि ज्यांना ते आवडते त्यांच्यासाठी ते यंत्र सरस ठरेल. पैसे वाचवायचे असतील आणि प्रवास बहुधा ठरलेल्या रस्त्यांवरचाच असेल, तर बाण नसलेला आर-३ पुरतो. महिन्यातून एकदा तरी लांबचा हमरस्ता गाठणाऱ्या, आणि फोनवर अवलंबून न राहता सारे एकाच डबीत हवे असलेल्या चालकाने आर-७ घ्यावा, आणि पहिल्याच शनिवारी माहितीपुस्तिका घेऊन गाडीत बसावे.