जुनी तिबेटी घंटा की डेहराडूनची नवी?

तिबेटी बौद्ध पूजेत डाव्या हातातली घंटा म्हणजे प्रज्ञा, उजव्या हातातलं वज्र (धातूचं छोटं टोकदार पूजासाधन) म्हणजे उपाय, अर्थात करुणेची कृती, हे साधना करणाऱ्याला सांगायला नको. प्रश्न खरेदीचा आहे.

जुनीचं रूप नव्या घंटेला येत नाही. मुठीवरचं प्रज्ञापारमिता देवीचं मुख बोटांनी झिजून गुळगुळीत झालेलं असतं. आवाजही अधिक खोल वाटतो. अर्थात हे कानाचं मत.

घोडं अडतं ते सांध्यावर. बहुतेक घंटांचं अंग काशाचं आणि मूठ पितळेची, दोन्ही वेगळी ओतून लाखेनं किंवा राळेनं बसवलेली. राळ वाळून भुगा झाली की मूठ किंचित फिरते आणि प्रत्येक ठोक्यामागून बारीक खरखर येते. एकदा ती कानात बसली की मंत्रापेक्षा तीच जास्त ऐकू येते. शिवाय देवीचं मुख एकीकडे आणि खांद्यावरच्या अष्टदल कमळातली तारा, मामकी, लोचना, पांडरा या देवींची बीजाक्षरं भलतीकडे, अशी सगळी मांडणीच सरकते. मूठ उघडावी तर आत मंत्र लिहिलेली पवित्र गुंडाळी असू शकते. सांधा झाळायला (धातूचा डाग द्यायला) तापवावं तर जास्त कथलाचं कासं ठिसूळ, तडा जातो. एपॉक्सी या पक्क्या गोंदानं खरखर थांबते, पण सांधा पुन्हा उघडण्याची सोय राहत नाही.

तरी जुनीच हवी असेल तर अंग आणि मूठ धरून हलकेच पिळून बघा. लाकडी दांडी कडेवरून फिरवा. केसाएवढी चीर असली तरी सूर फाटतो. झीज उंचवट्यांवर आणि आत लोलक आपटतो तिथे हवी. सगळीकडे सारखा काळेपणा आणि नक्षी मात्र धारदार, असं दिसलं तर ते जुनेपण बहुधा रसायनाचं. लोलकाची वादी तुटली असेल तर काळजी नको, ती बदलता येते.

डेहराडूनच्या तिबेटी कारागिरांची चांगली घंटा सुरुवातीला जरा तीक्ष्ण वाजते, पण मूठ घट्ट असते. वज्रही जोडीचं मिळतं, मुठीला पाच टोकं तर वज्रालाही पाच, नऊ तर नऊ. जुन्या घंटेसोबत बऱ्याचदा दुसऱ्याच जोडीतलं वज्र गळ्यात मारतात. रोजच्या साधनेला मला तरी नवीच बरी वाटते.

संग्रहासाठी जुनी घेणाऱ्यांनी कायदा पाहावा. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी घंटा पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ती भारताबाहेर नेता येत नाही. नेपाळमधून नवी आणतानाही तिथल्या पुरातत्त्व विभागाचा दाखला सोबत असलेला बरा.