पाडव्यापासून एमआयएस वापरतोय: अंबडच्या मशीन शॉपमधला अनुभव

आमचं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. कास्टिंग (ओतीव भाग) येतं, त्यावर टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग आम्ही करतो. प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंट सातपूरला बाहेर करून घेतो. खरेदी आणि अकाउंट्स माझ्याकडे. गुढीपाडव्याला आम्ही ईआरपी पॅकेज (खरेदी, स्टॉक, उत्पादन, हिशेब सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) सुरू केलं, एमआयएस म्हणजे निर्णयासाठी रिपोर्ट काढून देणाऱ्या मॉड्यूलसकट. त्याआधी टॅली, एक्सेल आणि स्टोअरमधलं जाडजूड रजिस्टर. पॅकेजचं नाव लिहीत नाही, कारण बरं-वाईट जे सांगणार आहे ते कुठल्याही पॅकेजला लागू पडेल.

विकायला आलेल्या माणसाने मोठ्या स्क्रीनवर रंगीत डॅशबोर्ड दाखवला आणि साहेब खूश झाले. आता दिवाळी उलटली, तो डॅशबोर्ड कोणी उघडत नाही. कामाला आली ती साधी, बिनरंगाची, दोन-तीन रकान्यांची पानं.

सगळ्यात जास्त फायदा झाला रिजेक्शनच्या रिपोर्टचा. पूर्वी महिनाअखेरीला एक आकडा मिळायचा, अमुक नग बाद. त्या आकड्यावर मीटिंग व्हायची, आवाज चढायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आता बाद झालेल्या प्रत्येक नगापुढे पार्ट, मशीन, शिफ्ट आणि कारण टाकावं लागतं. कारणाला महत्त्व आहे, कारण खर्च कोणी सोसायचा ते त्यावर ठरतं. ब्लो होल (ओतताना हवा अडकून पडलेली पोकळी) निघालं तर दोष कास्टिंगचा, फाउंड्रीला डेबिट नोट जाते, म्हणजे ती रक्कम त्यांच्या खात्यावर टाकतो. बोअर ओव्हरसाइज झाला तर दोष आमचा, इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापायचं टोक) बदलायला उशीर झाला किंवा सेटिंग हललं. आमच्याकडे दोन्ही एकाच ढिगात जात होते आणि फाउंड्रीचा बराचसा भुर्दंड आम्ही मुकाट्याने भरत होतो. नुसता बाद नगांचा आकडा म्हणजे डेटा. तो कोणाच्या खात्यावर टाकायचा हे ज्यातून कळतं ती माहिती. एमआयएसच्या पहिल्या धड्यात हा फरक शिकवतात. मीही बी.कॉम.ला तो पाठ करून मार्क मिळवले होते, पण समजला तो फाउंड्रीने पहिली डेबिट नोट न कुरकुरता मान्य केली तेव्हा.

एक अडचण मात्र लगेच आली. कारणांच्या यादीत ‘इतर’ असा पर्याय होता आणि शिफ्ट संपताना घाईत असलेला ऑपरेटर तोच निवडायचा. ‘इतर’ काढूनच टाकला. आता कारण सापडत नसेल तर सुपरवायझरला विचारावं लागतं.

दुसरं उपयोगी पान जॉबवर्कचं, म्हणजे बाहेर करून घेतलेल्या कामाचं. कोणत्या चलनावर किती माल बाहेर गेला, किती परत आला, किती प्लेटिंगवाल्याकडे पडून आहे, हे पूर्वी मला त्यालाच फोन करून विचारावं लागायचं. जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही, तर तो पाठवल्याच्या दिवशीच विकला असं धरतात आणि कर लागतो. शिवाय आयटीसी-०४ हा जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म भरायचा: उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहामाही, नाहीतर वर्षातून एकदा. आधी त्या फॉर्मसाठी चलनांची फाइल घेऊन बसावं लागायचं, आता यादी तयार मिळते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे किती दिवसांपासून माल बाहेर आहे हा रकाना. तो बघून डिस्पॅचवाला सकाळीच ठरवतो की आज टेम्पो सातपूरला कोणाकडे आधी पाठवायचा.

तिसरं, देण्यांचं एजिंग, म्हणजे कोणाचं देणं किती दिवसांपासून बाकी आहे ते. प्राप्तिकराच्या एका तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी मुदतीत दिली नाहीत आणि वर्षअखेरीला थकीत राहिली, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे देऊ त्या वर्षी मिळतो. लेखी करार असेल तर मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. त्यामुळे प्रत्येक सप्लायरच्या मास्टरमध्ये (मूळ माहितीच्या नोंदीत) उद्यम नोंदणी, सूक्ष्म की लघु की मध्यम, उत्पादक की व्यापारी, हे सगळं भरावं लागलं. मध्यम उद्योग आणि निव्वळ व्यापारी यात येत नाहीत. हे भरायला कंटाळा आला, पण मार्चमध्ये सीए ऑफिसशी होणारी फोनाफोनी आता नक्की कमी होईल.

आता तक्रारी. पॅकेज देणाऱ्यांचं ट्रेनिंग म्हणजे प्रत्येक मेनू उघडून दाखवणं. जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) कोणी आणि केव्हा करायचा यावर एक शब्द नाही. गाडी गेटवर आली, माल उतरला, लाइनवर गेला, कामही सुरू झालं आणि जीआरएन दुसऱ्या दिवशी दुपारी. मग सिस्टिममध्ये स्टॉक उणे दिसतो आणि साहेब म्हणतात, तुमचं सॉफ्टवेअर खोटं बोलतंय. शेवटी नियम केला: जीआरएन नंबर लिहिल्याशिवाय स्टोअरमधून माल लाइनवर जाणार नाही. स्टोअरचे काका आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हते. आता तेच नव्या पोरांना दटावतात. स्क्रीन मराठीत मिळेल असं विक्रीच्या वेळी कबूल केलं होतं. मिळालं ते असं, की मेनू मराठीत आणि चूक झाली की येणारे संदेश सगळे इंग्रजीत. काका अडतात ते नेमके तिथेच.

आयटम मास्टरचा घोळ अजून संपलेला नाही. एकच इन्सर्ट तीन नावांनी चढलाय, म्हणून एका नावावर स्टॉक शून्य आणि दुसऱ्यावर डबे पडून. मास्टर नवीन उघडायचा हक्क एकाच माणसाकडे ठेवा, बाकी कितीही विनंत्या येवोत.

एडिट लॉग (कोणी, केव्हा, कोणती नोंद बदलली याची आपोआप होणारी नोंद) बंद करता येत नाही, यावर ऑफिसात नाराजी होती. आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो सक्तीचाच आहे. मागच्या तारखेत शिरून नोंद ‘सरळ’ करायची सवय त्याने मोडली. माझ्या मते ही पॅकेजमधली सगळ्यात कमी कौतुक झालेली सोय आहे.

डॅशबोर्ड का बंद पडला? त्यावर सगळं होतं म्हणून. विक्री, स्टॉक, मशीनचा वापर, वीज, हजेरी, एकाच पानावर. रसेल अ‍ॅकॉफ यांनी १९६७ मध्येच लिहून ठेवलंय की मॅनेजरला माहितीच्या टंचाईपेक्षा बिनकामाच्या माहितीच्या पुराचा त्रास जास्त होतो. स्टोअरला आज काय आहे ते हवं असतं, सुपरवायझरला या आठवड्याचं शेड्यूल निघेल का ते, आणि साहेबांना या पार्टचा भाव वाढवून मागायचा की ऑर्डर सोडायची ते. तिघांना एकच पान दाखवलं, तर तिघेही दुसरीकडे बघतात.

साहेबांच्या भाच्याचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाउस आहे, तो हेच पॅकेज घ्यायचं म्हणून बघायला आला होता. खरं तर या बाबतीत द्राक्षवाले आमच्या पुढे आहेत. निर्यातीच्या बागेची नोंदणी, रसायनांच्या अंशांची तपासणी, पेटीवरून बागेपर्यंत माग काढणं, हे अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर ते कधीपासून करतात. पण २०१० मध्ये युरोपात सीसीसीचे म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले, कारण ते रसायन तेव्हा आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. माग काढायची यंत्रणा होती, तो प्रश्न तिला विचारलेला नव्हता. भाच्याला मी सांगितलं, डेमोला जाण्याआधी तुमच्याकडे रोज कोणते प्रश्न विचारले जातात ते कागदावर उतरव, आणि विक्रेत्याला त्याच प्रश्नांची उत्तरं तुझ्या स्वतःच्या डेटावर काढून दाखवायला लाव. बीओएम (एका नगाला काय काय लागतं त्याची यादी) आणि जॉबवर्क आमच्यासाठी ठीक, त्याला ग्रेडिंग आणि कोल्ड स्टोरेजचा हिशेब लागणार, आणि तो या पॅकेजमध्ये ओढूनताणून बसवावा लागेल. त्याने घेऊ नये असंच माझं मत पडलं.

आम्ही मात्र पुढच्या वर्षासाठी नूतनीकरण करतोय. डॅशबोर्ड मॉड्यूल काढून टाकायला सांगितलंय, त्या पैशात गेटवर एक युजर लायसन्स वाढवून घेणार. इंग्रजी संदेशांची यादी विक्रेत्याला पाठवली आहे, ते मराठीत आल्याशिवाय शेवटचा हप्ता देणार नाही असं साहेबांकडून लेखी करून घेतलंय.