जुनी स्पोर्ट्‌स कार हिवाळ्यात: बाहेर काढायची की झाकून ठेवायची?

पावसाळ्याबद्दल कुणाचं दुमत नसावं. मृग लागला की बेळगावात जुनी, जिवापाड जपलेली गाडी आत जाते आणि दसऱ्याआधी बाहेर येत नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या मंडळींना तर दसरा झाला तरी आभाळाकडे बघूनच किल्ली उचलावी लागते. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. दिवाळी ते होळी हे चार महिने गाडी चालवायची, की शिमगा होईपर्यंत आणखी झाकून ठेवायची?

मी दोन्ही करून बघितलंय. माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. दोन सीट, कापडी टप, फायबरची बॉडी आणि रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. साठ अश्वशक्तीच्या गाडीला स्पोर्ट्‌स कार म्हणावं का, असं लोक विचारतात. टप उघडून चोर्ल्याच्या रस्त्याला एकदा गेलेला माणूस विचारत नाही. तुमच्याकडे जुनी होंडा सिटी व्हीटेक असेल, पालिओ १.६ असेल, तरी पुढचं बरंचसं लागू पडेल. टपाचं तेवढं सोडून द्या.

हिवाळ्यात गाडी ठेवून द्यावी हा सल्ला मुळात युरोपातला आहे, आणि तिथे तो बरोबरच आहे. बर्फ वितळावा म्हणून तिकडे रस्त्यांवर मीठ पसरतात. ते खारट पाणी चासीच्या सांध्यासांध्यांत शिरतं आणि लोखंड आतून खातं. पारा सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर ताठरतं, पकड जाते. जर्मनीत तर हंगामी नंबरप्लेटच मिळते. तिच्या उजव्या कडेला एकाखाली एक दोन आकडे असतात. वर ०४ आणि खाली १० असेल तर ती गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच रस्त्यावर. उरलेल्या महिन्यांत ती सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभी केलेलीही चालत नाही. कर आणि विमाही तेवढ्याच महिन्यांचा.

आपल्याकडे यातलं काहीच नाही. गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात बेळगावला, पण पहाटे पारा बारा-तेरावर आला तरी आपण शेकोटी पेटवतो. टायरला त्याचं काही वाटत नाही. गंजाचे महिने आपल्याकडे जून ते सप्टेंबर, ते संपलेले असतात. हवा कोरडी, ऊन कोवळं. उघड्या टपाच्या गाडीला तर वर्षातला हाच काळ. मे महिन्यात दुपारी टप उघडून बघा, तासाभरात स्टिअरिंगला हात लावता येत नाही. म्हणजे त्यांचा उन्हाळा तो आपला हिवाळा, असं धरायला हरकत नाही.

एवढ्यावर निकाल लागला असता, पण आपल्या हिवाळ्यात ऊस आहे.

कारखान्यांचे बॉयलर पेटले की जिल्ह्यातले रस्ते बदलतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर मोळ्या रचलेल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर तो उसाच्या पाल्याखाली झाकलेला. मोठ्या गाडीत बसलेल्याला त्याचा वैताग होतो. बुटक्या गाडीत बसलेल्याला भीती वाटते, कारण ट्रॉलीचा तळ नेमका डोळ्यांच्या रेषेत येतो. दोन हिवाळ्यांमागे डिसेंबरात चंदगडहून परत येत होतो. पाटणे फाट्याच्या अलीकडेच दिवस मावळला. समोरून आलेल्या बसच्या प्रकाशाने क्षणभर काही दिसलं नाही, आणि ती गेल्यावर माझ्या हेडलाइटमध्ये एकदम पांढुरकी वर्तुळं चमकली. ती उसाची कापलेली टोकं होती. ट्रॉली रस्त्यातच उभी होती, चाक पंक्चर. गाडी थांबली तेव्हा तो ऊस आणि काच यांच्यात हातभर अंतर होतं. टप उघडा होता, त्यामुळे रसाचा गोडसर वास सरळ अंगावर आला. तो वास मला आजही नको वाटतो.

त्यात सुगीची भर. भाताची, नाचण्याची मळणी कुठेकुठे डांबरावरच चालते. पसरलेल्या पिंजरावरून, म्हणजे मळलेल्या काडावरून, उंच गाडी आरामात जाते. आपल्या गाडीच्या पोटाला मात्र ती घासते, काड्या सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपात अडकतात. वास आला तर तिथेच थांबून खाली वाकून बघा, घरी जाऊन बघू म्हणू नका. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखलही रस्त्यावर येतो आणि पहाटेच्या दवाने निसरडा होतो. अथणी, रायबाग, चिकोडी, गोकाक या बाजूला राहणाऱ्यांना हे सगळं रोजच भेटणार. आम्हा पश्चिमेकडच्यांना वाट बदलायची तरी सोय आहे.

त्या संध्याकाळनंतर मी निपाणीच्या मावसभावाचं ऐकलं. तो माझ्याहून लहान, पण जुन्या गाड्यांत माझ्याआधी पडलेला. "दादा, ऊस संपूस्तोवर काढू नको बघ," असं तो दरवर्षी म्हणायचा. त्याची स्वतःची जुनी गाडी दिवाळीच्या पाडव्याला पूजा झाली की आत जाते ती होळीलाच निघते, आणि निघते तेव्हा पहिल्या स्टार्टला. त्याची पद्धतही चोख. टाकी तोंडापर्यंत भरलेली, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलेली, टायरमध्ये चार-पाच पॉइंट जास्त हवा. हँडब्रेक सोडून गाडी गिअरमध्ये, चाकांना लाकडी ठोकळे, म्हणजे ब्रेकचे शू ड्रमला चिकटत नाहीत. बॉनेटखाली तंबाखूच्या पानांच्या दोन पोटल्या. निपाणीत तंबाखूला तोटा नाही. ठेवून द्यायचीच असेल तर अशीच ठेवावी, हे मी आजही सांगेन.

मागच्या हिवाळ्यात मी हे सगळं जसंच्या तसं केलं. पोटल्याही त्याच्याकडूनच आणल्या.

पण त्याची गाडी असते गावाच्या मधोमध, सिमेंटच्या खोलीत, शटरच्या आत. माझी असते घरामागच्या कौलारू खोपीत, आणि खोपीच्या मागे भाताची वाफी. सुगीत भात कापलं की त्या वाफ्यांतले उंदीर कुठे जातात याचा मी कधी विचारच केला नव्हता.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, सहज म्हणून कव्हर काढलं. वरून गाडी लख्ख. दार उघडलं आणि आधी वास आला. दमट, तिखट, नाकात बसणारा. सीटवर काही दिसलं नाही म्हणून बॅटरी जोडून ब्लोअर सुरू केला, तर समोरच्या जाळीतून भाताचा भुसा उडाला, थेट तोंडावर. एअर फिल्टरचं झाकण काढलं. आत वाटीएवढं घरटं होतं, पिंजराच्या काड्यांचं, मध्ये फिल्टरचाच कागद कुरतडून केलेली मऊ गादी, आणि त्यात भाताच्या लोंब्या साठवलेल्या. वायरिंगच्या गुंडाळीचं आवरण वीतभर सोललेलं, आतल्या दोन वायरींचं तांबं उघडं. उंदरांना लांब ठेवायला म्हणून ठेवलेली तंबाखूची एक पोटली घरट्याला टेकूनच पडलेली होती. आणि टप! घडी घालून मागे ठेवलेल्या टपाला घडीच्या प्रत्येक वळणावर भोक होतं. उलगडल्यावर एका रेषेत सात भोकं मोजली.

वायरिंगची आयती जुडी, म्हणजे हार्नेस, या गाडीला कुठून आणणार? इलेक्ट्रिशियनने तीन दिवस बसून एकेक वायर मीटरने तपासली आणि जोडली. टपाला शहापुरातल्या एका सीट कव्हर शिवणाऱ्याने आतून ठिगळं लावली, काम देखणं केलं. पैसे गेले, त्याचं मला फारसं नाही. वास गेला नाही, त्याने मात्र जीव नकोसा केला. आतलं सगळं कापड धुतलं, कडुलिंबाचा पाला ठेवला, कोळसा ठेवला, आठ-आठ दिवस दारं उघडी ठेवून उन्हात उभी केली. टप उघडा असला की वाटायचं, गेला. बंद केला की पुन्हा हजर. मृगाचा पाऊस येईपर्यंत तो वास होता. त्या उन्हाळ्यात आई एकदाही गाडीत बसली नाही.

म्हणून माझा कल सांगायचा तर चालवण्याकडे आहे. सगळ्यांना तेच जमेल असं नाही. पण उसाला मी काही प्रमाणात चुकवू शकतो, वेळ बदलून, वाट बदलून. बंद गाडीत रात्री काय चाललंय ते मला चुकवता येत नाही, कारण ते मला दिसतच नाही. आठवड्याला एकदा हलणाऱ्या गाडीत उंदीर बिऱ्हाड करत नाही, निदान माझ्या खोपीतला तरी नाही. यंदा कार्तिकापासून ती दर रविवारी निघते आहे आणि फिल्टरच्या डब्यात अजून काडीही सापडलेली नाही.

पेट्रोलचाही थोडा विचार करा. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. रस्ता अडवणाऱ्या त्याच उसापासून आपल्याकडे ते बनतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्या गाड्यांचे रबरी पाइप अशा पेट्रोलसाठी बनलेलेच नव्हते. मी ते सगळे एकदा बदलून घेतले. गाडी फिरती असली की जुनं पेट्रोल जळतं, नवं पडतं. चार महिने तेच पेट्रोल टाकीत ठेवायचं असेल तर मावसभावासारखी टाकी भरून ठेवा. आत हवा कमी, तर ओलही कमी.

कागदपत्रांनी मात्र कुठल्याच बाजूला फरक पडत नाही. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करायचंच, चालवा नाहीतर ठेवा.

चालवायचीच ठरली तर एक चूक करू नका, मी सुरुवातीला ती केली होती. दारातच पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवून बंद करणं म्हणजे चालवणं नव्हे. उलट त्याने तोटा होतो. थंडीत सायलेन्सरमध्ये पाणी सुटतं, इंजिन पुरतं तापलंच नाही तर ते वाफ होऊन बाहेर पडत नाही, तिथेच राहतं आणि आतून पत्रा खातं. ऑइलचंही तेच. वीस-पंचवीस किलोमीटर सलग जाणार असाल तरच किल्ली फिरवा. आणि टायर नक्षीवरून तपासू नका, वयावरून तपासा. कडेला कोरलेल्या शेवटच्या चार आकड्यांत आधी आठवडा आणि मग वर्ष असतं. कमी फिरणाऱ्या गाडीची नक्षी दहा वर्षांनीही नवीच दिसते, आणि दवाने ओल्या रस्त्यावर ती फसवते.

मावसभावाला मी हे सगळं सांगितलं. तो ठेवून देण्याच्याच बाजूचा आहे, आणि त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही असतो. शटरची पक्की खोली असेल, आजूबाजूला शेत नसेल आणि दाराबाहेर पडलं की कारखान्याचाच रस्ता लागत असेल, तर त्याचं ऐका. यातली एक गोष्ट जरी तुमच्याकडे नसेल, तर माझं ऐकून बघा, असं मी नम्रपणे म्हणेन.

माझे नियम आता ठरलेत. अंधारात गाडी बाहेर नाही, म्हणजे नाहीच. संध्याकाळी पाचला ती घरात. चंदगडकडचा वेंगुर्ला रोड माझ्यापुरता हंगामभर बंद. सकाळी साडेआठला, धुकं विरल्यावर निघायचं, पिरनवाडीवरून किणये, कुसमळी, जांबोटी करत कणकुंबीपर्यंत. त्या बाजूलाही ट्रॉल्या भेटतात, पण जांबोटी सोडली की झाडीच झाडी. रस्ता सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत जातो, आणि टप उघडा असला की प्रत्येक सावलीला गालावर गार लागतं. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी, मलप्रभेच्या उगमाशी दहा मिनिटं थांबायचं, चहा घ्यायचा आणि परत. जाऊन-येऊन ऐंशीच्या वर किलोमीटर होतात. इंजिनाला तेवढे पुरतात.

घरी आलं की बॉनेट लगेच लावत नाही. पूर्ण निवेपर्यंत उघडं ठेवतो, आणि रात्री खोपीत एक बल्ब जळत ठेवतो. परवा आई स्वतःहून पुढच्या सीटवर येऊन बसली. तिने आधी एक मोठा श्वास घेतला, मग दार ओढून घेतलं.