बसवलेल्या वाटीत पू झाला तर: व्हँकोमायसिन, लिनेझोलिड की रिफाम्पिसिन?

मिरजेत हाडांच्या दवाखान्यात नातेवाइकांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "डॉक्टर, हाय पॉवरचं द्या, पैशाचं आम्ही बघतो." जत, कवठेमहांकाळ, नाहीतर पार अथणीहून आलेली ही माणसं. गुडघ्याची वाटी बदलून, म्हणजे धातूचा कृत्रिम सांधा बसवून, पेशंट घरी गेलेला असतो आणि काही आठवड्यांत टाक्यांतून पाणी झिरपायला लागतं. पण या आजारात पॉवरवरून औषध निवडता येत नाही.

कारण जंतू धातूला चिकटून स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. तासगावकडे ठिबकच्या नळीत बुळबुळीत थर धरतो, त्याच जातीचं हे प्रकरण: बायोफिल्म. थर जुना झाला की आतले जंतू मारायला सुट्या जंतूंच्या शंभर ते हजारपट मात्रा लागू शकते, आणि तेवढी शरीराला झेपत नाही. रिपोर्टवर औषधापुढे 'एस' (म्हणजे औषध लागू पडतं) दिसतो, तो सुट्या जंतूंवर तपासून दिलेला असतो. म्हणून आधी विचारायचं ते हे, की वाटी ठेवणार की काढणार? ऑपरेशनला महिनाभरच झाला असेल किंवा त्रास सुरू होऊन तीन आठवडे उलटले नसतील, तर सांधा उघडून धुऊन, प्लॅस्टिकची चकती बदलून वाटी वाचवता येते. त्यानंतर बहुधा ती काढावीच लागते. पेशंट ऑपरेशन सोसण्यासारखा नसेल तर गोष्ट वेगळी, एरवी जुन्या थरावर नुसत्या गोळ्यांनी भागवू हा सल्ला मला पटत नाही.

आता औषधं, म्हणजे अँटिबायोटिक. व्हँकोमायसिन १९५८ पासून वापरात आहे आणि 'भारी इंजेक्शन' म्हणून त्याचा दबदबा आहे. एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकना न जुमानणारा स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) जंतू, असेल तर ते हवंच. पण थरात सुस्त पडलेल्या जंतूंवर त्याचा जोर कमी पडतो, शिवाय किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. साधा स्टॅफ निघाला तर सेफाझोलिनसारखं जुनं, स्वस्त इंजेक्शन त्याच्यापेक्षा सरस ठरतं, हे नातेवाइकांच्या गळी उतरवणं मात्र अवघड. डॅप्टोमायसिन दिवसातून एकदाच द्यावं लागतं आणि जंतू झपाट्याने मारतं. ते महाग आहे, आणि स्नायूंना इजा होत नाही ना हे बघायला सीपीके ही रक्ताची तपासणी करत राहावी लागते.

लिनेझोलिडची सोय मोठी: गोळी जवळजवळ पूर्ण रक्तात उतरते, घरी घेता येते. पण दोन आठवड्यांपुढे प्लेटलेट घसरू शकतात, महिन्यापुढे डोळ्यांच्या आणि हातापायांच्या नसांना धोका. दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

रिफाम्पिसिन मात्र थरातल्या स्टॅफपर्यंत पोचतं. १९९८ च्या एका चाचणीत सिप्रोफ्लॉक्सासिनला त्याची जोड मिळालेल्या आणि उपचार पूर्ण केलेल्या १२ पैकी १२ जणांचं इन्फेक्शन गेलं, जोड नसलेल्यांत १२ पैकी ७ जणांचं. आकडे लहान आहेत, आणि २०२० च्या नॉर्वेतल्या चाचणीत असा फरक दिसला नाही. तरीही वाटी ठेवायची असेल तर मी याच्याच बाजूने आहे. पथ्यं मात्र कडक. एकटं दिलं तर काही दिवसांतच जंतू त्याला दाद देईनासे होतात. जखम सुकल्यावरच, जोडीदार औषधासोबतच सुरू करायचं. लघवी केशरी होते, त्याला घाबरायचं कारण नाही. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि लिनेझोलिड यांचा असर ते कमी करतं. आपल्याकडे आणखी एक मेख आहे: हे टीबीचं औषध. सांध्यात टीबीच असेल तर अर्धवट उपचाराने तो दबतो आणि पुढे औषधांना जुमानत नाही. म्हणून काढलेला तुकडा टीबीच्या तपासणीलाही गेला का, हे विचाराच.

जंतू ई. कोलाय किंवा स्यूडोमोनास असेल तर वरची औषधं बाजूला ठेवा. तिथे सिप्रोफ्लॉक्सासिनच कामाचं, अर्थात जंतू त्याला दाद देत असेल तरच. गोळी 'गरम पडते' म्हणून आपल्याकडे पेलाभर दुधाबरोबर देतात. दुधामुळे ती अंगी कमी लागते. हाडाच्या पेशंटला कॅल्शियमची गोळी चालूच असते, तीही सिप्रोनंतर निदान दोन तासांनी द्यावी. टाचेमागची शीर दुखायला लागली तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं.

सलाईनमधून दिलेलंच खरं औषध, हा समजही सोडा. २०१९ मध्ये १०५४ रुग्णांच्या चाचणीत हाडा-सांध्यांच्या इन्फेक्शनला पहिल्या सहा आठवड्यांत गोळ्या इंजेक्शनपेक्षा कमी ठरल्या नाहीत. मुदतीत मात्र काटकसर नको: २०२१ च्या चाचणीत सहा आठवड्यांच्या उपचारानंतर १८.१ टक्के जणांत इन्फेक्शन टिकून राहिलं, बारा आठवड्यांनंतर ९.४ टक्के जणांत.

आणि गावातल्या मेडिकलमधून आणलेली गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ती चालू असताना कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) कोरं येतं, मग निवड अंदाजाने होते. पेशंटची तब्येत ठीक असेल तर दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवून सांध्यातले चार-पाच तुकडे तपासायला पाठवतात. जखमेवरून कापसाने पुसून घेतलेला नमुना यासाठी पुरत नाही.