टेलि-मानस १४४१६ : घरच्या माणसासाठी फोन केला त्याचा अनुभव
नवऱ्याला विचारूनच लिहितेय. आम्ही कळव्याला राहतो. त्याच्या डोळ्यासमोर एक माणूस चालत्या लोकलमधून पडला आणि तेव्हापासून घरातलं सगळंच बदललं, रात्री ओरडत उठणं, ट्रेन सोडून बसने धक्के खात ऑफिसला जाणं, कुकरच्या शिट्टीला पण दचकणं, आणि विचारलं की "मला काय नाय झालंय". नातेवाईक म्हणायचे विसर म्हणावं, मुंबईत हे रोजचंच. रोजचं असलं म्हणून काय बघणाऱ्याला लागत नाही का?

डॉक्टरकडे यायला तयारच नव्हता म्हणून मी १४४१६ लावला. मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारची फोनवरची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ मधे सुरू झालेली, चोवीस तास आणि फुकट, मराठीत बोलता येतं. पेशंटनेच फोन केला पाहिजे असं नाही. फोनवरच्या समुपदेशक ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की महिना उलटून गेला तरी ती स्वप्नं, टाळाटाळ, दचकणं सुरूच असेल तर पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगाच्या धक्क्याने होणारा मनाचा आजार, असू शकतो, पण ते सायकियाट्रिस्टनेच तपासून ठरवायचं.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते रात्रीचं. तो ओरडत उठला की लगेच हात लावायचा नाही, आधी लाईट लावायची, जरा लांबूनच नावाने हाक मारायची आणि सांगायचं, "आपण घरी आहोत, कळव्याला". मग पाय लादीवर टेकवायला सांगायचे आणि समोर काय काय दिसतंय ते बोलायला लावायचं. पंखा, कॅलेंडर, पाण्याची बाटली... टीशर्ट घामाने भिजलेला असतो पण बाटलीपर्यंत येता येता श्वास खाली बसतो. काय पाहिलंस म्हणून खोदायचं नाही, आपणहून बोलला तर ऐकायचं.

नुसत्या फोनने हा आजार बरा होत नाही. शेवटी तो तयार झाला आणि आम्ही ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत गेलो. सासूबाई हबकल्याच, "ठाण्याला" म्हटल्यावर लोक काय म्हणतील! अहो, दाखवून घरी यायचं असतं, भरती वगैरे काही नाही. गोळ्यांचा फरक पडायला काही आठवडे जातात, मनाने बंद करायच्या नाहीत, आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत ती आठवण हाताळायची थेरपी) किंवा ट्रॉमावरची सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारी बोलण्याची थेरपी) घ्यायची तर त्याचं ट्रेनिंग असलेल्या थेरपिस्टकडूनच. ट्रेनने तो अजून जात नाही, पण झोप लागते आता.

माझ्याकडून पाच स्टार. सांभाळणाऱ्याने स्वतःसाठी पण फोन करा, मी गच्चीवर जाऊन केलाय. आणि माणूस जीव द्यायचं बोलत असेल तर एकटं सोडू नका, सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.