ग्रेटफुल डेडचं ‘कॉर्नेल ५/८/७७’: सीडी घ्यावी की एलपी?

ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडची कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये ८ मे १९७७ ला (नावातली तारीख अमेरिकी पद्धतीची, महिना आधी) झालेली ही मैफल अधिकृतपणे विकायला आली थेट २०१७ मध्ये. तोवर ती चाहत्यांमध्ये कॅसेटवरून कॅसेटवर उतरत राहिली होती. आता तीन सीडी, पाच एलपी आणि स्ट्रीमिंग असे पर्याय आहेत. सीडी घ्या. एलपीची बाजू सारखी उलटावी लागते, आणि या बँडची गंमत तर एका गाण्यातून दुसऱ्यात न थांबता शिरण्यात आहे. स्ट्रीमिंगवर ऐकायचं तर आधी क्रॉसफेड (एक गाणं विरता विरता दुसरं चढवणारी सोय) शून्यावर आणा आणि शफल बंद करा. नाहीतर ‘स्कार्लेट बेगोनियाज’ आणि ‘फायर ऑन द माउंटन’ यांचा सांधाच बिघडतो.

तो सांधा हीच या संचाची मुख्य वसुली. ‘फायर’ सबंध बी आणि ए या दोन कॉर्डांवर चालतं. गिटारवादक जेरी गार्सिया त्यावर एन्व्हलप फिल्टर लावून वाजवतो: तार जितकी जोरात छेडावी तितका स्वर उघडतो, हलक्या हाताला मिटलेलाच राहतो. ‘फायर’ची मूळ चाल ड्रमर मिकी हार्ट आणि आपल्या मुंबईचे झाकीर हुसेन यांच्या ‘डिगा ऱ्हिदम बँड’च्या १९७६ च्या रेकॉर्डवर सापडते. पुढचं ‘एस्टिमेटेड प्रॉफेट’ सात मात्रांचं आहे; रूपक तालाची सवय असलेल्याला सम शोधायला वेळ लागणार नाही.

मुद्रण बेटी कँटर-जॅक्सन यांचं. सभागृहाच्या स्पीकरला जाणारा आवाज तसाच न घेता त्या टेपसाठी वेगळं मिक्सिंग करत. म्हणून फिल लेशचा बास आणि दोन्ही ड्रमर सुटे ऐकू येतात. (लॅपटॉपच्या स्पीकरवर तो बास गायबच होतो, हेडफोन लावा.) गोदामाचं भाडं थकल्याने बेटींच्या टेपा १९८६ मध्ये लिलावात गेल्या आणि पुढे त्यांच्या प्रती चाहत्यांत पसरल्या. कॅसेटची दर प्रत काढताना खरखर वाढते, वेगही थोडा हलतो, मग पियानोचा लांब सूर डगमगतो. अधिकृत आवृत्तीत मूळ टेपवर उरलेल्या बायस सिग्नलचा (मुद्रण करताना टेपवर जाणारा, कानाला ऐकू न येणारा उंच सूर) माग काढून हा वेग दुरुस्त केला आहे. फरक पियानोतच चटकन कळतो.

 ग्रेटफुल डेडने १९८४ पासून कार्यक्रमात टेप करणाऱ्यांना वेगळी जागा दिली. अट एकच, टेप विकायची नाही. फिशसारख्या पुढच्या जॅम बँडांनी (मंचावर लांबलचक उत्स्फूर्त वादन करणाऱ्या) हाच कित्ता गिरवला. पैसे घालण्याआधी इंटरनेट आर्काइव्हवर हीच मैफल फुकट ऐकून बघा: श्रोत्यांनी केलेलं मुद्रण उतरवून घेता येतं, साउंडबोर्ड (मंचावरच्या माइकांचा आवाज थेट तारेतून घेतलेलं) मुद्रण फक्त तिथेच ऐकता येतं.

पूर्वार्ध उत्तरार्धाच्या तोडीचा नाही. ‘रो जिमी’ फार रेंगाळतं. त्यातलं ‘डान्सिंग इन द स्ट्रीट’ मात्र चुकवू नका. आणि हीच त्यांची सर्वोत्तम रात्र, हा दावा जरा सबुरीनेच घ्यावा. दुसऱ्या दिवशीची बफलोची मैफल तितकीच तगडी आहे; ती ‘गेट शोन द लाइट’ या अकरा सीडींच्या संचात मिळते, पण त्यात कॉर्नेलही आहेच. तेव्हा तो घेणार असाल तर ही सुटी प्रत घेऊ नका.